प्रोस्टेटच्या रिपोर्टमधला 'चार' आला कुठून?

आपल्या वऱ्हाडात साठी ओलांडलेला माणूस लघवीची तक्रार घेऊन आपणहून दवाखान्यात आला, असे क्वचितच होते. 'रात्री तीनदा उठा लागते नं जी, पण वय झालं आता' असे म्हणत दोन-तीन वर्षे निघून जातात. मग एखाद्या रात्री लघवी पूर्ण अडते. घरचे अमरावतीत इर्विनला नाहीतर अकोल्यात सर्वोपचारला धावतात, नळी पडते आणि त्याच आठवड्यात कोणीतरी पीएसएची रक्ततपासणी करायला सांगते. रिपोर्टमध्ये येते १२, शेजारी छापलेले असते '० ते ४'. डॉक्टरांना भेटण्याआधीच घरात कॅन्सर ठरलेला असतो.

दुखणे जुने आहे. सुश्रुतसंहितेत लघवी अडण्याचे, म्हणजे मूत्राघाताचे, बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या वाताष्ठीलेत मूत्राशय आणि मलमार्ग यांच्यामध्ये दगडासारखी घट्ट गाठ होते, असे वर्णन आहे. प्रोस्टेटची ग्रंथी नेमकी तिथेच असते. अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्रमार्गाला वेढून बसते. वयाबरोबर ती वाढली की धार बारीक होते. ही साधी वाढ कॅन्सर नव्हे.

मलमार्गाला लागून असल्यामुळे ही ग्रंथी तिथून बोटाने चाचपता येते. डॉक्टरांकडे अनेक वर्षे हीच मुख्य तपासणी होती. अर्ध्या मिनिटाचे काम, पण आपल्याकडे लाजेपायी सर्वांत जास्त नकार हिलाच मिळतो. एमआरआयला हो म्हणणारे काकाजी बोटाला नाही म्हणतात!

रक्तातून माग काढायची सुरुवात १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये झाली. कॅन्सर हाडांत पसरला की ॲसिड फॉस्फटेज नावाचा पदार्थ रक्तात वाढतो, हे गुटमन दांपत्याने दाखवले. १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी वृषणे काढल्यावर हा आजार मागे हटतो हे सिद्ध केले. त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले आणि ती शस्त्रक्रिया आजही होते. अडचण एकच होती: ही तपासणी बोलायची ती बहुधा आजार पसरल्यावर.

खात्रीची तपासणी नसली की काय होते, याचे उदाहरण ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन. ऑक्टोबर १९६३ मध्ये त्यांना लघवीचा त्रास अचानक वाढला. मोठेच दुखणे आहे या धास्तीत त्यांनी राजीनामा दिला. ऑपरेशनमध्ये साधी वाढ निघाली. त्यानंतर ते तेवीस वर्षे जगले.

पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारे प्रथिन. १९७० मध्ये रिचर्ड ॲब्लिन यांनी प्रोस्टेटच्या अशा खास प्रथिनाची नोंद केली आणि १९७९ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो इथल्या मिंग चू यांच्या चमूने ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९८६ मध्ये अमेरिकेत रक्ततपासणीला परवानगी मिळाली, पण कशासाठी? ज्यांचा कॅन्सर आधीच ठरला आहे, त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी. निदानाला मदत म्हणून परवानगी आली ती १९९४ मध्ये, तीही बोटाच्या तपासणीसोबत.

आणि 'चार'? त्या काळी काहीशे निरोगी पुरुषांचे रक्त तपासून बहुतेकांचा आकडा ज्याच्या खाली होता, ती ही रेघ. कॅन्सर इथून सुरू होतो, असा तिचा अर्थ कधीच नव्हता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चारपर्यंत पीएसए असलेल्यांचीही बायोप्सी केली, तर सुमारे १५ टक्क्यांत कॅन्सर निघाला. उलट ४ ते १० मध्ये असलेल्या साधारण चौघांपैकी तिघांत तो सापडत नाही. जंतुसंसर्ग, अडलेली लघवी, नुकतीच घातलेली नळी, साधी वाढ, या सगळ्यांनी आकडा चढतो. वरच्या उदाहरणातले १२ नळी पडल्याच्या आठवड्यातले आहेत, हे विसरू नका.

ॲब्लिन स्वतः २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये सरसकट तपासणीच्या विरोधात लिहून मोकळे झाले. मला त्यांचा सूर जरा टोकाचा वाटतो. २००९ मध्ये एकाच वेळी दोन मोठे अभ्यास आले. युरोपातल्या अभ्यासात पीएसएमुळे या कॅन्सरचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले, अमेरिकेतल्या अभ्यासात फरक दिसला नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने २०१२ मध्ये 'करू नका' म्हटले आणि २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे, असा बदल केला.

सुईचीही अशीच कथा. १९८९ पासून सोनोग्राफीवर पाहत ठरावीक सहा जागांचे तुकडे घेण्याची पद्धत रुळली, पुढे ते बारा झाले. २०१७ च्या ब्रिटिश अभ्यासाने दाखवले की आधी एमआरआय केला तर सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांची बायोप्सी टळू शकते.

लघवीत रक्त, लघवी अडणे किंवा कंबरेच्या हाडांत न थांबणारे दुखणे असेल, तर मात्र थांबू नका. नुसता आकडा वाढला असेल तर संसर्ग बरा झाल्यावर, सहसा सहा आठवड्यांनी, तपासणी पुन्हा करतात. येताना जुने रिपोर्ट आणा आणि प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर सांगा. काही महिन्यांत ही औषधे पीएसएचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आणतात, त्यामुळे तिथे ३ दिसले तरी ते ६ धरावे लागतात.