नव्या इंजिनाचे अखेरचे काम : वरठीवरून गेलेला लोहमार्ग आणि फिटरची कारागिरी

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील वरठी हे गाव रेल्वेच्या वेळापत्रकात ‘भंडारा रोड’ या नावाने ओळखले जाते, कारण जिल्ह्याचे मुख्य शहर तेथून सुमारे दहा किलोमीटर दूर असून नागपूरहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग त्या शहराला न शिवता वरठीवरून तुमसरकडे वळतो. या मार्गाचा इतिहास सांगताना कंपन्यांची नावे, सरकारशी झालेले करार, रुळांची रुंदी आणि उद्घाटनांची वर्षे यांचीच प्रामुख्याने नोंद होते. मात्र कारखान्यातून आलेले नवे इंजिन आणि प्रत्यक्ष गाडी ओढू लागलेले इंजिन यांच्यामध्ये जे बारीकसारीक दुरुस्तीचे काम होत असे, त्याला या इतिहासात क्वचितच जागा मिळते. वाफेचे इंजिन कारखान्यात बनते, पण पुरे होते ते रुळांवर आल्यानंतर, स्थानिक फिटरच्या हाताखाली; आणि हे जितके नव्वद टनांच्या इंजिनाला लागू आहे, तितकेच टेबलावर मावणाऱ्या त्याच्या लघुप्रतिकृतीलाही लागू आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा ब्रॉडगेज मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला होता. त्यापुढे छत्तीसगडच्या भातपट्ट्याकडे जाणारा मार्ग सरकारने नागपूर–छत्तीसगड रेल्वे या नावाने मीटरगेजवर, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर ठेवून, बांधावयास घेतला आणि १८८० च्या दशकाच्या आरंभी कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड या स्थानकांवरून राजनांदगावपर्यंत गाड्या धावू लागल्या. रुळांच्या रुंदीतील या फरकामुळे एक अडचण उभी राहिली, जिचा विचार सहसा केला जात नाही : मुंबई बंदरापासून नागपूरपर्यंतचा मार्ग रुंद आणि पुढचा अरुंद असल्याने मीटरगेजच्या इंजिनांना आपल्या चाकांवर नागपूर गाठणे शक्यच नव्हते, ती दुसऱ्या गाडीवर ओझे म्हणून यावीत आणि त्यांची जोडणी व चाचणी नागपुरातच व्हावी, हे ओघानेच आले. नागपूरच्या मोतीबाग कारखान्याचा आरंभ १८७९ चा, म्हणजे मार्ग खुला होण्याच्या आधीचा आहे, याचा अर्थ या पार्श्वभूमीवर सहज लागतो. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने हा मार्ग ताब्यात घेऊन त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर केले आणि १८९१ मध्ये नागपूर–आसनसोल हा सलग मार्ग पुरा झाला. जुन्या इंजिनांचा या मार्गावरील उपयोग संपला, आणि नव्या, अधिक जड इंजिनांची अंगकाठी जाणून घेण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

ग्लासगो किंवा मँचेस्टरसारख्या शहरांत बनलेले इंजिन तेथे एकदा जोडून पाहिले जाई, नंतर सुटे करून बॉयलर, सांगाडा, चाके आणि लहान भागांच्या पेट्या अशा रूपात जहाजावर चढवले जाई, आणि हिंदुस्थानात पुन्हा जोडले जाई. या दुसऱ्या जोडणीत प्रत्येक भाग पूर्वीच्याच जागी बसला, तरी तो पूर्वीइतकाच नेमका बसेल याची खात्री नसे. सांध्यांतील गॅस्केट नवे असत, समुद्रप्रवासात गंज धरू नये म्हणून चोपडलेले घट्ट ग्रीस तेलाच्या बारीक नळ्यांत अडकून राहण्याचा संभव असे, आणि एकमेकांवर घासून सरावलेले असे कोणतेच दोन पृष्ठभाग नव्या इंजिनात नसत. म्हणून नवे इंजिन थेट मेल गाडीला न लावता प्रथम एकटे, मग हलक्या गाडीवर आणि त्यानंतर मालगाडीवर चालवण्याचा रिवाज रेल्वे कंपन्यांत होता.

या काळातील सर्वांत मोठी चिंता ॲक्सल बॉक्सची असे. ॲक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा पोलादी आस, आणि ॲक्सल बॉक्स म्हणजे इंजिनाचा भार त्या आसावर टेकवणारी धातूची पेटी. तिच्या आत कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मऊ मिश्रधातूचे, ज्याला व्हाइट मेटल म्हणतात त्याचे, अस्तर असते. हे अस्तर आसाच्या गोलाईला पुरेपूर लागले नाही, तर सगळा भार दोन-चार उंचवट्यांवर येतो, तेथे तेलाचा थर फाटतो, धातू तापतो आणि अखेरीस वितळून वाहू लागतो. त्यावर उपाय यंत्राचा नव्हता, हाताचाच होता. फिटर आसावर रंगाचा अगदी पातळ हात देई, पेटी त्यावर बसवून किंचित फिरवी आणि उचलून पाही. अस्तरावर जेथे रंग उमटला असेल तेथे उंचवटा आहे असे समजून तेवढाच भाग स्क्रेपर नावाच्या धारदार पट्टीने खरवडी. आणि रंगाचे ठिपके सगळ्या अस्तरावर सारखे पसरेपर्यंत हीच क्रिया पुनःपुन्हा करी. यानंतरही पहिल्या फेऱ्यांत गाडी थांबली की प्रत्येक पेटीला हाताची मागची बाजू लावून पाहिले जाई. कोणती पेटी नुसती कोमट आहे आणि कोणती पुढच्या स्थानकापर्यंत टिकणार नाही, हे ओळखणारा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने तयार होत असे, आणि या कौशल्याला रेल्वेच्या अहवालांत स्वतंत्र रकाना नाही ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

इतर दोष लहान, पण कानाला आणि डोळ्याला लगेच जाणवणारे असत. पिस्टनचा दांडा सिलिंडरमधून जेथे बाहेर येतो, तेथे वाफ निसटू नये म्हणून दोरीसारखे पॅकिंग भरून ते ग्लँड नावाच्या कड्याने दाबलेले असते. नवे पॅकिंग पहिल्या उष्णतेने बसले की ग्लँड फुसफुसू लागे, आणि मग त्याचे नट दोन्ही बाजूंनी सारखे, थोडेथोडेच आवळावे लागत, कारण एका बाजूने जास्त आवळले तर दांड्यावर ओरखडे पडतात. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे चार फुत्कार उमटतात, ज्यांना रेल्वेच्या भाषेत बीट म्हणतात. हे चार बीट सारख्या अंतराने पडले नाहीत, तर वाफ आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हची जुळणी चुकली आहे हे सायडिंगमध्ये उभ्या असलेल्या मिस्त्रीला इंजिनाकडे न पाहताही कळे. बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे इंजेक्टर हे उपकरण फ्रेंच अभियंता आंरी जिफार याने १८५८ मध्ये शोधले. त्यात वाफेचा झोत थंड पाण्यात विरून त्या पाण्याला वेग देतो, म्हणूनच पाणी फार तापलेले असेल किंवा शोषनळीच्या सांध्यातून हवा शिरत असेल तर ते काम करीत नाही. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात टेंडरमधील, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातील, पाणी किती तापत असेल, याचा विचार केला की ब्रिटनमधील थंड हवेत निर्दोष ठरलेले उपकरण येथे का अडखळावे हे उमगते. नव्या बॉयलरच्या आत राहिलेल्या तेलामुळे पाण्याला फेस येऊन ते वाफेबरोबर सिलिंडरमध्ये ओढले जाण्याचा, म्हणजे प्रायमिंगचा, दोषही याच वर्गातला होता; सोडा घालून पाणी उकळवणे आणि बॉयलर धुऊन काढणे हा त्यावरचा साधा, पण कष्टाचा उपाय होता.

बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने १९२५ मध्ये मँचेस्टरच्या बायर पीकॉक कारखान्याची गॅरट इंजिने आणली. त्यांत एका बॉयलरच्या दोन्ही टोकांना दोन स्वतंत्र, वळणारी इंजिने असल्याने वाफेच्या नळ्यांना फिरते सांधे लागत आणि गळतीच्या जागा साहजिकच वाढत. ही इंजिने मुख्यतः पूर्वेकडील चढाच्या मार्गांसाठी होती. भंडारा रोडच्या बाजूचा मैदानी मुलूख त्या मानाने सौम्य होता. मोतीबाग कारखान्याचे नाव मात्र पुढे सातपुड्यातील नॅरोगेजशी, म्हणजे अडीच फूट रुंदीच्या रुळांशी, कायमचे जोडले गेले. गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारे ते जाळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभे राहिले, आणि त्याची इंजिने व डबे राखण्याचे काम मोतीबागेत होत राहिले. भारतीय ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक ६ डिसेंबर १९९५ रोजी पंजाबातील जालंधर–फिरोजपूर मार्गावर संपली. मोतीबागेत २००२ च्या डिसेंबरमध्ये नॅरोगेज रेल्वे संग्रहालय उघडले, तेव्हा वाफेचे इंजिन पाहावयाची वस्तू झाले होते, आणि ग्लँड आवळणारी पिढी निवृत्त झाली होती.

ही विद्या आजही ज्या ठिकाणी प्रत्यक्ष वापरावी लागते, त्यांपैकी एक म्हणजे इंजिनाची लघुप्रतिकृती. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले आणि १ एप्रिल १९९८ रोजी खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय मराठी वाचकांना परिचित आहे. तेथील गाड्या विजेवर चालतात. खऱ्या वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृतींचा छंद ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संघटित झाला. ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक १८९८ मध्ये सुरू झाले आणि नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या पेढीने त्याच सुमारास आरंभ केला. भारतीय खरेदीदारापुढे येथे पहिलाच पेच मापांचा असतो. बाजारातील ४५ मिलिमीटरचे रूळ हे युरोपच्या १४३५ मिलिमीटर रुंदीचे बत्तिसावे रूप आहे. भंडारा रोडवरील १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला त्याच प्रमाणात ५२ मिलिमीटरहून थोडे अधिक अंतर लागते, आणि सातपुड्याच्या ७६२ मिलिमीटरच्या मार्गाला एकोणिसाव्या प्रमाणात ४० मिलिमीटर लागते, पण तयार रूळ मिळतात ते ३२ किंवा ४५ मिलिमीटरचे. आपल्याकडील मार्गांची प्रतिकृती म्हणून घेतलेले इंजिन म्हणूनच बहुधा खऱ्या इंजिनापेक्षा जरा अरुंद किंवा जरा रुंद पायावर उभे असते.

पेटीतून काढलेल्या अशा नव्या इंजिनाचे दोष मात्र मोतीबागेतल्या फिटरने सहज ओळखले असते. वाहतुकीच्या हादऱ्यांनी स्क्रू सैल झालेले असतात. चाकांना जोडणारे दांडे एखाद्या ठरावीक जागी अडतात, कारण दोन बाजूंच्या क्रँकमधील, म्हणजे दांडे ज्यांना जोडलेले असतात त्या चाकांवरील खुंट्यांमधील, ९० अंशांचे अंतर किंचित चुकलेले असते. ग्लँड पहिल्या एक-दोन वाफांनंतर फुसफुसते. काही दोष लहानपणामुळेच उद्भवतात. एकोणिसाव्या प्रमाणात लांबी एकोणीस पटींनी घटते, पण पृष्ठभाग ३६१ पटींनी आणि घनफळ ६८५९ पटींनी घटते, त्यामुळे धातूच्या दर घनमापामागे उष्णता गमावणारा पृष्ठभाग एकोणीस पट होतो. थंड सिलिंडरमध्ये शिरलेल्या वाफेचे लगेच पाणी होते, ते पिस्टनपुढे साचते आणि इंजिन जागीच अडते. अशा वेळी जोराने वाफ न सोडता इंजिन हाताने हलकेच पुढेमागे ढकलून ते पाणी चिमणीवाटे बाहेर काढावे लागते. मोठ्या इंजिनाचा ड्रायव्हर यासाठी सिलिंडरचे कॉक उघडीत असे, जे लहान प्रतिकृतींत बहुधा नसतात.

सर्वांत अधिक गैरसमज ज्याविषयी होतो तो भाग म्हणजे लुब्रिकेटर, म्हणजेच वाफेत तेल मिसळणारी छोटी डबी. या डबीत वाफ शिरते, थंड होऊन तिचे पाणी बनते, ते तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते आणि तेवढेच तेल वर उचलले जाऊन वाफेच्या नळीत उतरते. चालवून झाल्यावर हे तळचे पाणी काढून टाकले नाही, तर वरून कितीही तेल ओतले तरी डबीत त्याला जागाच नसते, आणि ‘नवे इंजिन कोरडे चालते’ अशी तक्रार उभी राहते. ब्यूटेन वायूवर चालणाऱ्या बर्नरचेही तसेच आहे : ४५ अंश सेल्सिअस तापमानाला त्या वायूचा बाष्पदाब २० अंशांच्या मानाने जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून युरोपातील अंगणासाठी जुळवलेला बर्नर भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात गर्जना करतो किंवा ज्योत तोंडापासून सुटून विझते, आणि खरा इलाज गॅसची चावी अगदी थोडी उघडण्यात व टाकी सावलीत ठेवण्यात असतो. गॅस बाहेर सोडणाऱ्या जेटच्या केसाएवढ्या छिद्रात कचरा अडकला, तर ते उलट्या दिशेने फुंकून साफ करावे; त्यात सुई घातल्यास छिद्र रुंदावते आणि बर्नर कायमचा बिघडतो.

सुरक्षाझडपेला, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हला, मात्र या किरकोळ कामांत धरू नये. १९२३ च्या बॉयलर कायद्याने पाच गॅलनांहून अधिक मापाच्या पात्रालाच बॉयलर मानले होते, त्यामुळे टेबलावरची इंजिने सरकारी तपासणीच्या कक्षेबाहेर राहिली आणि तपासणीची सारी जबाबदारी मालकावर आली. झडप ठरलेल्या दाबाआधी उघडत असेल तर तिची बैठक स्वच्छ करणे योग्य; ती उघडू नये म्हणून स्प्रिंग आवळणे हे कोणत्याही मापाच्या इंजिनात सारखेच घातक आहे.

शेवटचा दोष दिसायला सर्वांत क्षुल्लक, पण त्याचा इतिहास लांब आहे. ब्रिटिश इंजिनांच्या बोल्टांना जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये मांडलेले आटे असत, तर १९४७ मध्ये भारतात आलेली डब्ल्यूपी वर्गाची पहिली इंजिने अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्याची होती, आणि दोन देशांचे आटे एकमेकांत बसत नाहीत ही अडचण कोणत्याही शेडला टळणारी नव्हती. लघुइंजिनांत तीच अडचण ब्रिटिश असोसिएशनच्या, म्हणजे बीए पद्धतीच्या, आट्यांनी येते. सहा क्रमांकाच्या बीए स्क्रूचा व्यास २.८ मिलिमीटर आणि आट्यांचे अंतर ०.५३ मिलिमीटर असते, तर बाजारात सहज मिळणाऱ्या तीन मिलिमीटरच्या मेट्रिक स्क्रूचे अंतर ०.५ मिलिमीटर असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, आणि हरवलेल्या स्क्रूच्या जागी दुसरा जोर करून फिरवला तर पितळेतील आटे एका वळणात निघून येतात. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे, आणि पितळेचा मऊपणा तेथील कारागिरांना नव्याने सांगावा लागणार नाही. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांनी नवा स्क्रू प्रथम बोटांनीच फिरवून पाहावा, आणि दोन आट्यांनंतर तो अडला तर पाना बाजूला ठेवून मोजपट्टी घ्यावी.