डीझेल एंजिनाचें जन्मजात दुखणें

पेट्रोलच्या एंजिनांत इंधन पेटविण्याचें काम विजेची ठिणगी करिते. डीझेलच्या एंजिनांत ठिणगीला स्थानच नाहीं. तेथें तें काम केवळ दाबलेल्या हवेवर सोंपविलेलें असतें. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंप खालच्या बाजूला तापतो, हा अनुभव घरोघरचा आहे. त्याच न्यायानें दट्ट्या सिलिंडरमधील हवेचें आकारमान १५ ते २२ पट लहान करितो, ती ५०० अंश सेल्सिअसच्याहि वर तापते आणि तींत फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. या एका कल्पनेंत डीझेल एंजिनाची सारी थोरवी आहे, आणि त्याचें दुखणेंहि तिच्यांतच आहे. भोंवतालचें लोखंड थंड असलें कीं तें ही उष्णता शोषून घेतें. कांहीं सिलिंडर पेटतात, कांहीं पेटत नाहींत, आणि एंजिन अडखळत, थरथरत चालतें.

या एंजिनाचे जनक रूडोल्फ डीझेल यांचा जन्म १८५८ सालीं पॅरिस येथें एका जर्मन कुटुंबांत झाला. १८७० च्या युद्धामुळें त्या कुटुंबाला फ्रान्स सोडावा लागला. पुढें म्युनिकच्या तंत्रविद्यालयांत कार्ल फॉन लिंडे हे त्यांना गुरु लाभले. वाफेचें एंजिन इंधनांतील उष्णतेच्या शंभर भागांपैकीं फार तर १० भाग कामीं लावतें, हें गुरुमुखांतून ऐकल्यापासून ही नासाडी थांबविण्याचा ध्यास त्यांनीं घेतला. १० ऑगस्ट १८९३ रोजीं ऑग्सबुर्ग येथील पहिल्या प्रयोगांत स्फोट होऊन दाब मोजण्याचें उपकरणच फुटलें. १७ फेब्रुवारी १८९४ रोजीं एंजिन स्वतःच्या बळावर चाललें, तें सुमारें एक मिनिट! मात्र १८९७ सालच्या परीक्षेंत त्यानें शंभरांपैकीं २६ भाग कामीं लावून दाखविले. यश मिळालें, पण स्वास्थ्य मिळालें नाहीं. आजार व कर्ज यांनीं जर्जर झालेले डीझेल २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डन’ जहाजावरून नाहींसे झाले. पुढें समुद्रांत आढळलेल्या प्रेताजवळच्या वस्तूंवरून त्यांच्या मुलानें ओळख पटविली.

आरंभींचीं डीझेल एंजिनें अवाढव्य होतीं व एका जागीं स्थिर असत. तीं दाबून सांठविलेल्या हवेच्या जोरावर सुरू करीत. एंजिन लहान होऊन चाकांवर चढलें तेव्हां थंडीचा प्रश्न बिकट झाला. कारण लहान भांड्यांतील पाणी जसें लवकर निवतें, तशीच लहान सिलिंडरांतील हवाहि लवकर निवते. १९०९ सालीं प्रॉस्पर लोरांज यांनीं इंधन प्रथम एका लहान कोठडींत पेटविण्याची युक्ति काढली. तिच्यामुळें ज्वलन सौम्य झालें, परंतु कोठडीच्या भिंती उष्णता अधिकच गिळूं लागल्या. म्हणून त्या कोठडींत विजेनें लाल तापणारी कांडी, म्हणजेच ग्लो-प्लग, बसवावी लागली. १९२७ पासून बॉश यांचे तेलपंप कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडूं लागले, आणि १९३६ सालीं मर्सेडिझ-बेंझ यांची ‘२६० डी’ ही डीझेलवरील मोटार लोकांपुढें आली. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची स्थापना झाली आणि महाराष्ट्राच्या मळ्यांतून डीझेल एंजिनाचा ठोका परिचयाचा झाला.

अमेरिकेंत १९७३ च्या तेलटंचाईनंतर या एंजिनाकडे नव्यानें लक्ष गेलें. जनरल मोटर्सनें १९८२ च्या व फोर्डनें १९८३ च्या पिकअप गाड्यांत जीं डीझेल एंजिनें घातलीं, त्यांत कोठडी व ग्लो-प्लग हेंच जोडपें होतें. १९८९ च्या डॉज गाडीनें कमिन्स एंजिन घेतलें. त्यांत कोठडी नव्हती, ग्लो-प्लगहि नव्हता, तर आंत येणारी हवाच तापविणारी विजेची जाळी होती. १९९४ च्या सुमारास फोर्डच्या नव्या एंजिनांत तेलाचा फवारा सोडण्याचें काम वंगणतेलाच्या दाबाकडे आलें. परिणाम असा कीं, बाहेरून रोग एकच दिसला तरी प्रत्येक पिढींत त्याचें मूळ निराळें!

येथेंच जाणत्या कारागिराची कसोटी लागते. सकाळीं एंजिन थरथरून पांढरा, कच्च्या डीझेलच्या वासाचा धूर सोडीत असेल आणि दोन-चार मिनिटांत सुरळीत होत असेल, तर इंधन पोंचतें आहे, पण पेटत नाहीं, हें उघड आहे. अशा वेळीं ग्लो-प्लगवर पहिला संशय घ्यावा. त्याची तार सोडवून बॅटरीच्या धन टोंकाला जोडलेला चांचणीचा दिवा त्याला लावावा. दिवा लागला नाहीं तर आंतील तार तुटली आहे. सुरू झालेलें एंजिन थोड्याच वेळांत बंद पडत असेल, तर कडाक्याच्या थंडींत डीझेलमधील मेण गोठून गाळणी तुंबली असण्याचा संभव आहे. तापल्यावरहि थरथर उरत असेल, तर दट्ट्याची कडी किंवा झडप झिजून दाब कमी पडत असेल, अथवा इंजेक्टर बिघडला असेल. जुन्या यांत्रिक पंपाच्या एंजिनांत एकेका इंजेक्टरच्या नळीची चाकी किंचित् सैल करून पाहत. ज्या सिलिंडरची नळी सैल करूनहि एंजिनाच्या आवाजांत फरक पडत नाहीं, तोच आळशी. परंतु १९९७ नंतर मोटारींत रूढ झालेल्या कॉमन-रेल एंजिनांत हा प्रयोग कदापि करूं नये. तेथें तेलाचा दाब वातावरणाच्या हजार पटींहून अधिक असतो, आणि ती धार कातडी भेदून शरीरांत शिरते. वंगणतेलाच्या दाबावर चालणाऱ्या एंजिनांत मात्र ग्लो-प्लगइतकाच संशय घट्ट झालेल्या वंगणाचाहि घ्यावा लागतो.

हा क्रम सोडून प्रथमच महागडा पंप बदलणारा मालक पैसे गमावतो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं थरथर पुन्हां दारांत उभी असते. ज्यानें हवा दाबून अग्नि उत्पन्न केला, त्याच्या यंत्राची परीक्षाहि उष्णतेपासूनच आरंभावी: ती उत्पन्न होते कां, टिकते कां, आणि इंधन तिच्यापर्यंत वेळेवर पोंचतें कां? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत बहुतेक रोगांचें निदान सांपडतें.