घोळ

घोळ : पोर्च्युलॅकेसी कुलातील मांसल, वर्षायू ओषधी. शास्त्रीय नाव पोर्च्युलॅका ओलेरॅसिया. कार्ल लिनीअस यांनी ते १७५३ मध्ये प्रसिद्ध केले. मराठीत तिला घोळू किंवा मोठी घोळ, संस्कृतात लोणिका, हिंदीत कुल्फा, गुजरातीत लूणी आणि तमिळमध्ये परुप्पु कीरै म्हणतात. जगाच्या उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांत ती सर्वत्र आढळते. महाराष्ट्रात परसबागा, कुंड्या, फरशीच्या फटी, पाटाच्या कडा आणि भाजीपाल्याचे वाफे ही तिची नेहमीची ठिकाणे. उन्हाळ्यात व पावसाळ्यात ती जोमाने वाढते; थंडीत वाढ मंदावते.

वर्णन : खोड गुळगुळीत, रसाळ, हिरवे किंवा तांबूस असते. ते एका सोटमुळावरून चहूबाजूंना फुटून जमिनीलगत पसरते. दाटीत किंवा सावलीत मात्र फांद्या उभ्या राहतात. पाने जाड, लवरहित, जवळजवळ बिनदेठाची, १ ते ३ सेंमी. लांब, टोकाकडे रुंद व गोलसर आणि बुडाकडे निमुळती असून कडा अखंड असते. खाली ती एकाआड एक किंवा जवळजवळ समोरासमोर येतात, तर फांदीच्या टोकाशी त्यांचा झुबका होतो. या झुबक्यात लहान पिवळी फुले येतात. पाकळ्या बहुधा पाच, प्रत्येकीच्या टोकाला खाच, संदले दोनच. फूल सकाळच्या उन्हात काही तास उमलते आणि मिटते.

फळ म्हणजे छोटे बोंड. ते पिकले की त्याला मधोमध आडवी चीर पडते आणि वरचा अर्धा भाग टोपण निघावे तसा सुटतो. खालच्या वाटीत काळ्या, चकचकीत, खसखशीहून बारीक बिया दिसतात. भिंगातून पाहिल्यास बीवर बारीक उंचवट्यांच्या रांगा आढळतात. फुले नसतानाही एखादे जून बोंड उघडून पाहता आले, तर ही खूण उपयोगी पडते.

सारख्या दिसणाऱ्या वनस्पती : सर्वांत महत्त्वाची गल्लत जमिनीलगत पसरणाऱ्या दुधी वर्गातील तणांशी होते. युफोर्बिया प्रजातीतील ही तणे घोळाच्या शेजारीच उगवतात आणि त्यांचे खोडही तांबूस असते. मात्र त्यांचे खोड बारीक व चिवट, पाने पातळ, समोरासमोर आणि अनेकदा बारीक दातेरी असतात. खोड मोडताच पांढरा चीक येतो. हा चीक दाहक असल्याने ती भाजीत येता कामा नयेत. घोळाचे खोड मोडल्यावर पाण्यासारखा स्वच्छ रस येतो. जुडी निवडताना फांदी-फांदी मोडून पाहावी. एका जागचा पाला एकाच झाडाचा असतो असे नाही.

विषखापरा (ट्रायँथेमा पोर्च्युलॅकॅस्ट्रम) हाही मांसल व पसरट असतो. त्याची पाने समोरासमोर असून जोडीतले एक मोठे, एक लहान असते. पानांना स्पष्ट देठ असतात आणि पांढरी किंवा गुलाबी फुले देठाच्या बुडाशी दडलेली असतात. चिवळ (पोर्च्युलॅका क्वाड्रिफिडा) ही घोळाची सख्खी बहीण. तिची खोडे दोऱ्यासारखी बारीक, पाने लहान व टोकदार, पेरांवर पांढरे केस आणि पिवळ्या पाकळ्या चार. तिचीही भाजी करतात; विदर्भात व मराठवाड्यात ती विशेष परिचित आहे. बागेत शोभेसाठी लावतात ते ‘ऑफिस टाइम’ याच प्रजातीतील असले, तरी त्याची पाने सुईसारखी व फुले मोठी, रंगीबेरंगी असतात.

तण म्हणून चिवटपणा : लेरॉय होम व सहकाऱ्यांच्या १९७७ मधील ग्रंथात जगातील सर्वांत त्रासदायक तणांमध्ये घोळ नवव्या क्रमांकावर आहे, लव्हाळा पहिला व हरळी दुसरी. मोठ्या रोपावर दोन लाखांहून अधिक बिया धरल्याची नोंद आहे आणि जमिनीत त्या अनेक वर्षे जिवंत राहतात. बी बारीक असल्याने अगदी वरच्या थरातूनच उगवते; त्याला ऊब व उजेड लागतो. म्हणून वाफा खणला की खालचे बी वर येऊन नवा फुटवा दिसतो. खुरपून तिथेच टाकलेली घोळ ओल मिळाली तर खोडाच्या तुकड्यांवर मुळे धरते आणि उपटलेल्या रोपावरची बोंडेही पिकतात. फुलण्यापूर्वी उपटून वाफ्याबाहेर नेणे आणि मोकळ्या मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे हा साधा उपाय.

या चिवटपणाचे मूळ पानांच्या कार्यपद्धतीत आहे. पुरेसे पाणी असताना घोळ मका व उसाप्रमाणे सी-४ प्रकारचे प्रकाशसंश्लेषण करते. पाणी तुटले की त्याच्या जोडीला ती निवडुंगाच्या वाटेने जाते : पर्णरंध्रे रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा ती मिटून घेऊन पाणी वाचवते. दोन्ही पद्धती एकाच पेशींमध्ये सांधलेल्या असल्याचे येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले. रात्रभर साठलेल्या आम्लामुळे, पाण्याचा ताण पडलेल्या घोळाची सकाळी खुडलेली पाने संध्याकाळपेक्षा आंबट लागतात.

आहार : पाने, कोवळी खोडे व शेंडे खातात, चव किंचित आंबट-खारट, पोत बुळबुळीत. मातीशी लोळणारी असल्याने भाजी तीन-चार पाण्यांतून धुवावी लागते. तूर किंवा मुगाच्या डाळीत घालून लसणाची फोडणी, पीठ पेरून कोरडी भाजी आणि ताकातली पातळ भाजी हे मराठी घरांतले प्रकार. तुर्कस्तानात ती दह्यात कच्ची खातात, लेबनॉनमध्ये फत्तूश या कोशिंबिरीत घालतात, तर मेक्सिकोत डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. पाल्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. पोटॅशियम, मॅग्नेशियम, जीवनसत्त्व क यांबरोबर अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ मेदाम्ल इतर पालेभाज्यांच्या मानाने बरेच असते.

सावधगिरी : घोळात ऑक्झॅलेटचे प्रमाण मोठे असते. उकळून पाणी ओतून दिल्यास ते घटते. दह्या-ताकातील कॅल्शियमशी ऑक्झॅलेट बांधले जाऊन शरीरात कमी शोषले जाते. म्हणून ताकातली भाजी चवीपलीकडेही शहाणपणाची ठरते. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ती खाऊ नये. तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या वाफ्यातील, रहदारीच्या रस्त्याकडेची आणि सांडपाण्यावर वाढलेली घोळ घेऊ नये. मांसल पान, गुळगुळीत खोड, पिवळे फूल आणि स्वच्छ रस या खुणा एकत्र जुळल्या तरच पाला घरात आणावा. शंका असल्यास टाकून द्यावा.