कांदिवलीचा पैलवान आणि एक जुनी गोळी

डहाणू रोडहून लोकलने मुंबईकडे निघालात की वाटेत कांदिवली लागतं. तिथल्या साई केंद्रात घडलेला, सलग 3 वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव 2016 मध्ये रिओला पोचला, पण कुस्ती न खेळताच परतला. स्पर्धेच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडलं होतं. कुणीतरी मुद्दाम खाण्यापिण्यात कालवलं, असं त्याचं म्हणणं. नाडाने ते मानलं. क्रीडा लवादाने मात्र 18 ऑगस्टला फेटाळलं आणि 4 वर्षांची बंदी घातली.

हे औषध नवं नाही बरं का. सिबा कंपनीने 1958 मध्ये ते डायनाबोल नावाने अमेरिकेत आणलं. ऑलिंपिकमध्ये स्टेरॉइडची तपासणी सुरू व्हायला मात्र 1976 उजाडलं.

त्याच्या रेणूची रचना अशी की यकृत ते लगेच मोडू शकत नाही. म्हणून गोळी लागू पडते, आणि म्हणूनच यकृतालाही इजा होते. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना इशारे देणं कमी करतो, शुक्राणू घटतात. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाला धोका वाढतो.

आणि नियम काय? शरीरात सापडलं की जबाबदार खेळाडूच. 'कुणीतरी दिलं' हे त्यानेच सिद्ध करायचं. तेव्हा जिममध्ये कुणी बिननावाची गोळी पुढे केली, तर हे आठवा.