नोंदवहीतले परके

धर्मानंद कोसंबी गोव्यातून निघाले, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले आणि पुढे बुद्धाच्या शोधात नेपाळ, सिंहलद्वीपापर्यंत गेले. ‘निवेदन’मुळे हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. साखवाळला जन्मलेले कोसंबी कागदोपत्री पोर्तुगालचे प्रजाजन होते, ही गोष्ट मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

साठेक वर्षांनी त्याच काशीजवळ सारनाथला जे विद्यार्थी आले, त्यांचा कागद ही पहिली ओळख ठरली. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. १९६७ साली वाराणसीच्या संस्कृत विश्वविद्यालयाच्या आश्रयाने सारनाथला तिबेटी विद्येची संस्था उभी राहिली. १९७१ पासून तीन दशके सामदोंग रिंपोछे तिचे प्रमुख होते. मूळ संस्कृत हरवलेले ग्रंथ तिबेटी अनुवादांवरून पुन्हा संस्कृतात आणायचे, हे तिथले एक मोठे काम. अनुवादकाला याहून अवघड परीक्षा नाही, असे मी मानते. ते करणाऱ्यांपैकी कित्येकांची सरकारदरबारी नोंद मात्र ‘विदेशी’ अशी होती. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे आपल्या कायद्यात ‘निर्वासित’ अशी वेगळी पायरीच नव्हती. होते ते १९३९ च्या कायद्याखालचे नोंदणीपत्र, ठरावीक मुदतीने नवे करून घ्यायचे. परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी पिवळी ओळखपुस्तिका.

आणि तरीही यांतले बरेच जण जन्मापासून भारतीय होते! १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ३ सांगते की २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक. आईबाप कुठले, हा प्रश्नच नाही. अपवाद परकीय वकिलातींतल्या मुलांसारखे मोजके. म्हणजे नागरिकत्वासाठी अर्ज करायचीही गरज नव्हती. वाट पाहावी लागली ती जे आहे ते कुणी मान्य करण्याची.

एप्रिल १९८६ मध्ये कांगड्यात जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांनी २००८ साली पासपोर्टसाठी अर्ज केला. आईवडील तिबेटी म्हणून तो नाकारला गेला. तुम्ही स्वतःच ओळखपुस्तिकेसाठी ‘तिबेटी’ असे लिहून दिले होते, असाही मुद्दा सरकारने मांडला. २२ डिसेंबर २०१० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. मुरलीधर यांनी तो फेटाळला: अशा शब्दाने जन्मसिद्ध नागरिकत्व जात नाही. निकाल स्वच्छ होता, पण कचेऱ्यांनी तो एकीपुरता धरला. निवडणूक आयोगाने मतदारयादीचे दार २०१४ मध्ये उघडले. पासपोर्टसाठी आणखी लोकांना कोर्टात जावे लागले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले.

मग २०१७ साली अटी आल्या. नोंदणीपत्र आणि पिवळी पुस्तिका परत करा, तिबेटी वसाहतीत राहत नाही आणि निर्वासित प्रशासनाचे लाभ घेत नाही, असे लिहून द्या. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या नोर्ग्येलिंग वसाहतीतल्या माणसाचे घर, शेत, शेजार सगळे वसाहतीतच. हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकून तो पुन्हा तिथेच परततो. नागरिक असल्याचा कागद मिळवायला त्याने घर सोडायचे, हे मला कायद्याच्या कुठल्याही वाचनात बसवता येत नाही.

तिबेटींमध्येही दुमत आहे. नागरिकत्व घेतले तर परतण्याचा दावा सैल होईल, या भावनेने अनेकांनी अर्जच केले नाहीत. ती भावना खरी आहे. पण ज्यांनी अर्ज केले, त्यांना झालेला उशीर त्या खात्यावर टाकता येणार नाही.

देशीकरणाचा दुसरा रस्ताही कायद्यात आहे. त्यासाठी दीर्घ वास्तव्य हवे, शिवाय आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी यायला हवी, म्हणजे मराठीही चालेल. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत कमी झाली ती पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी. त्यांत बौद्ध आहेत, तिबेट नाही.

१ जुलै १९८७ पासून जन्मलेल्याला आईबापांपैकी एक तरी भारतीय असावा लागतो. त्यामुळे तिबेटहून आलेल्या एकाच जोडप्याची १९८६ ची मुलगी जन्माने नागरिक ठरते आणि १९८८ चा मुलगा त्याच घरात परका. त्याच्या नोंदणीपत्राची मुदत संपली की त्याला पुन्हा रांगेत उभे राहावे लागते.