रहस्यपट, मराठी
गुन्हा, मृत्यू किंवा एखाद्या व्यक्तीची ओळख यांसंबंधीचे सत्य झाकून ठेवून त्याचा क्रमाक्रमाने उलगडा करणारा चित्रपटप्रकार. मराठी वाचकांत रहस्यकथेची गोडी बाबूराव अर्नाळकर यांच्या ‘झुंजार’, ‘काळा पहाड’ इ. नायकांच्या कथांनी रुजविली होती. तथापि सामाजिक, विनोदी व तमाशाप्रधान चित्रपटांच्या मानाने मराठीत रहस्यपट थोडेच निघाले.

या प्रकाराचा ठळक नमुना म्हणजे राजा परांजपे (१९१०–७९) दिग्दर्शित *पाठलाग* (१९६४). जयंत देवकुळे यांच्या *आशा परत येते* या कादंबरीवर तो आधारलेला आहे. पत्नीच्या मृत्यूविषयी निःशंक असलेल्या नायकापुढे हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री आरोपी म्हणून उभी राहते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. नायकाची भूमिका काशिनाथ घाणेकर यांनी, तर नायिकेची भावना यांनी केली. ग. दि. माडगूळकर यांची गीते व दत्ता डावजेकर यांचे संगीत यांमुळे रहस्याला करुण छटा लाभली. राज खोसला यांनी याच कथानकावर *मेरा साया* (१९६६) हा हिंदी चित्रपट काढला.

आचार्य अत्रे यांच्या *तो मी नव्हेच* (१९६२) या नाटकातही न्यायालय व ओळख हेच विषय आहेत. पण तेथे लबाड कोण हे प्रेक्षक जाणतात आणि तो कसा सापडेल, एवढीच उत्सुकता उरते. ॲल्फ्रेड हिचकॉक (१८९९–१९८०) यांनीही *व्हर्टिगो* (१९५८) मध्ये दोन स्त्रियांच्या साम्याचे गूढ शेवटाच्या बरेच आधी उकलून दाखविले. *पाठलाग*मध्ये मात्र प्रेक्षकाला नायकाइतकेच ठाऊक असते; म्हणून नायकाचा संशय हा त्याचाही संशय होतो. वसंत जोगळेकर यांच्या *हा खेळ सावल्यांचा* (१९७६) या चित्रपटात नायिकेला पिशाच्चबाधा झाली आहे की मनोविकार, हा प्रश्न केंद्रस्थानी आहे. त्यातही घाणेकर प्रमुख भूमिकेत होते. पेशाने दंतवैद्य असलेल्या या नटाचे १९८६ मध्ये निधन झाले. ठाणे येथील महानगरपालिकेच्या एका नाट्यगृहास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

रहस्य एकदा कळले, की कुतूहल संपते. तरीही हे चित्रपट पुन्हा पाहिले जातात. याचे कारण त्यांतील भय घराबाहेरच्या गुन्हेगाराचे नसून घरातल्या माणसाची आपल्याला खरी ओळख आहे काय, या शंकेचे असते. उत्तर ठाऊक असलेला प्रेक्षक दुसऱ्यांदा पाहताना पुराव्यांपेक्षा माणसांच्या वेदनेकडे अधिक लक्ष देतो.