राज्याचं आरोग्य धोरण ठरवताना डॉक्टरांचा शब्द किती चालतो?

२१ मार्च २०२३ रोजी राजस्थान विधानसभेने 'आरोग्याचा हक्क' विधेयक मंजूर केलं. आपत्कालीन स्थितीत आलेल्या रुग्णाकडे आगाऊ पैसे न मागता उपचार सुरू करायचे, ही त्यातली सर्वांत चर्चेची तरतूद होती. असा कायदा करणारं राजस्थान हे देशातलं पहिलं राज्य. पण विधेयक मंजूर होत असताना राज्यातली अनेक खासगी रुग्णालयं बंद होती आणि डॉक्टर जयपूरच्या रस्त्यावर उतरले होते. अखेर ४ एप्रिलला सरकार आणि डॉक्टरांच्या संघटनांमध्ये ८ मुद्द्यांचा समझोता झाला.

याच्या बारा वर्षं आधी, २०११ मध्ये, केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांना नवजात बाळाच्या घरी जाऊन त्याची तपासणी करण्याचं काम दिलं. ही कल्पना गडचिरोलीतल्या एका डॉक्टर दाम्पत्याने आधी गावांमध्ये तपासून पाहिली होती.

दोन्ही ठिकाणी धोरणावर डॉक्टरांचा ठसा उमटला. एका ठिकाणी सरकारी सेवेची व्याप्ती वाढली, दुसऱ्या ठिकाणी कायद्याची व्याप्ती कमी झाली. डॉक्टर आरोग्य धोरण नेमकं कसं घडवतात? त्यांचं म्हणणं कधी ऐकायचं आणि कधी त्यांना उलटे प्रश्न विचारायचे? समजून घेऊया.

आरोग्य धोरण ठरवतं कोण?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं आणि दवाखाने हे विषय राज्य सूचीत येतात. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे असावं, खासगी रुग्णालयांवर कोणते नियम असावेत, सरकारी योजनेत कोणते उपचार मिळावेत, हे मुख्यतः राज्य सरकार ठरवतं. वैद्यकीय शिक्षण समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात.

अंतिम निर्णय मंत्रिमंडळ आणि विधिमंडळ घेतं. पण कोणता आजार आधी हाताळायचा, कोणतं औषध कोणाच्या हाती द्यायचं, एखादा नियम वॉर्डात प्रत्यक्ष पाळता येईल का, हे सांगायला सरकारला डॉक्टर लागतात. डॉक्टर हे चार वेगवेगळ्या मार्गांनी करत आले आहेत.

मार्ग पहिला : आधी गावात करून दाखवा

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८०च्या दशकात गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. बाळाच्या आयुष्यातले पहिले २८ दिवस सर्वांत धोक्याचे असतात. त्या काळात तिथली बहुतेक बाळंतपणं घरीच होत. आजारी बाळाला रुग्णालयात न्यावं, असं सरकारी यंत्रणा सांगायची. पण रुग्णालय लांब होतं आणि तिथवर जाणं अनेक कुटुंबांना शक्य नव्हतं.

मग उपचारच घरी नेले तर? 'सर्च'ने ३९ गावांमध्ये गावातल्याच महिलांना प्रशिक्षण दिलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, स्तनपानासाठी आईला मदत करणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं, ही कामं त्या शिकल्या. शेजारच्या ४७ गावांमध्ये नेहमीचीच व्यवस्था ठेवली, म्हणजे तुलना करता येईल. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात बालकांचा मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तरीही धोरण लगेच बदललं नाही. चौथी-सातवी शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन द्यायचं का, हा आक्षेप मोठा होता. एका संस्थेला जमलं ते सरकारी यंत्रणेला जमेल का, ही शंकाही होती. मग महाराष्ट्रातल्या आणखी सात ठिकाणी इतर संस्थांनी हीच पद्धत वापरून पाहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाच राज्यांत चाचणी घेतली. दरम्यान, २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमल्या जाऊ लागल्या. कल्पना राबवायला लागणारे हात तेव्हा कुठे मिळाले.

२०११च्या कार्यक्रमानुसार रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाने ४२ दिवसांत सहा वेळा जायचं, घरी जन्मलेल्या बाळासाठी सात वेळा. या कामासाठी तिला २५० रुपये मोबदला ठरला. मात्र इंजेक्शन देण्याचं काम आशांकडे सोपवलं गेलं नाही. म्हणजे गडचिरोलीत जे सिद्ध झालं ते सगळंच्या सगळं धोरणात आलं नाही. सरकारला जेवढं झेपेल आणि मान्य होईल, तेवढंच आलं.

'लॅन्सेट'मधल्या लेखापासून राष्ट्रीय कार्यक्रमापर्यंत जवळपास १२ वर्षं गेली. या मार्गाची ताकद पुराव्यात आहे आणि तो फार धीमा आहे, ही त्याची अडचण.

मार्ग दुसरा : आपल्याच व्यवसायाचा हिशेब मांडा

१९८०च्या दशकात मुंबईत गर्भजल तपासणी करून मूल मुलगा आहे की मुलगी, हे सांगणारे दवाखाने उघडपणे जाहिराती करत होते. स्त्री संघटना, डॉक्टर, वैज्ञानिक आणि वकील याविरोधात एकत्र आले. पण हे किती प्रमाणात चाललंय, याचा आकडा हवा होता.

राज्य सरकारच्या सांगण्यावरून डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यातले ४२ जण लिंगनिदानासाठी ही तपासणी करत असल्याचं समोर आलं. म्हणजे ८४ टक्के. यातल्या अनेकांना आपण कुटुंबाला मदतच करतोय, असं वाटत होतं.

आंदोलनाला या पाहणीने ठोस आधार दिला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने लिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य होतं. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि २००३ मध्ये दुरुस्ती होऊन त्याला आजचं 'पीसीपीएनडीटी' हे नाव मिळालं.

इथे डॉक्टर दोन्ही बाजूंना होते. तपासणी करणारेही डॉक्टर आणि ती थांबवा म्हणणाऱ्यांमध्येही डॉक्टर. पुढेही हा वाद संपला नाही. २०१६ मध्ये सोनोग्राफी करणाऱ्या तज्ज्ञांनी या कायद्यातल्या तरतुदींविरोधात संप केला. अर्ज भरताना झालेली कारकुनी चूक आणि प्रत्यक्ष लिंगनिदान यांना एकाच मापाने मोजू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. तर नोंदी नीट ठेवल्या नाहीत तर गुन्हा सिद्धच होत नाही, असं कायद्याच्या समर्थकांचं म्हणणं आहे. बंद खोलीत झालेल्या तपासणीचा मागमूस बहुतेकदा कागदावरच सापडतो, हे यामागचं कारण.

मार्ग तिसरा : डॉक्टरच खुर्चीत

डॉ. वाय. एस. राजशेखर रेड्डी एमबीबीएस होते आणि राजकारणाआधी त्यांनी रुग्णसेवा केली होती. आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री असताना त्यांच्या सरकारने २००७ मध्ये 'आरोग्यश्री' योजना सुरू केली. गरीब कुटुंबांना हृदय, मूत्रपिंड, कर्करोग यांसारख्या आजारांवर नोंदणीकृत सरकारी आणि खासगी रुग्णालयांत मोफत उपचार, असं तिचं स्वरूप होतं.

महाराष्ट्रानेही अशाच धर्तीवर २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभर नेली. आज ती 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना' म्हणून ओळखली जाते. तुमच्या ओळखीत कोणाची बायपास किंवा डायलिसिस या योजनेतून झाली असेल, तर त्या धोरणाचा एक धागा हैदराबादपर्यंत जातो.

या मॉडेलवर टीकाही डॉक्टरांनीच केली. सरकारचा पैसा मोठ्या शस्त्रक्रियांकडे आणि खासगी रुग्णालयांकडे वळतो, तर रक्तदाब आणि मधुमेह वेळीच ओळखणारं गावातलं आरोग्य केंद्र मागे पडतं, असा सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातल्या अनेक डॉक्टरांचा आक्षेप आहे.

खुर्ची म्हणजे फक्त मंत्रिपद नव्हे. तामिळनाडूमध्ये सार्वजनिक आरोग्याचं स्वतंत्र संचालनालय आणि त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टरांचा वेगळा संवर्ग आहे. तिथला सार्वजनिक आरोग्य कायदा १९३९चा, म्हणजे स्वातंत्र्याआधीचा आहे. साथ, पाणी, स्वच्छता, लसीकरण हेच ज्यांचं पूर्णवेळ काम आहे, असे डॉक्टर तिथे प्रशासनाच्या आत असतात. सरकारं बदलली तरी हे काम सुरू राहतं.

मार्ग चौथा : संघटना आणि संप

आता पुन्हा राजस्थानकडे येऊ. डॉक्टर एवढे का चिडले होते?

मुळात आपत्कालीन रुग्णाला उपचार नाकारता येत नाहीत, हे नवीन नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं होतं की, सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. त्या निकालानंतरही पैशांचा प्रश्न उरला होता. रुग्णाने पैसे दिले नाहीत तर खर्च कोणी सोसायचा?

राजस्थानच्या कायद्यात सरकार भरपाई देईल, असं म्हटलं होतं. डॉक्टरांचे प्रश्न होते : किती देणार? कधी देणार? आपत्कालीन स्थिती म्हणजे नेमकं काय? दहा खाटांच्या रुग्णालयात हृदयविकाराचा रुग्ण आला तर काय करायचं? तक्रारींवर निर्णय कोण घेणार? यातले बरेच प्रश्न रास्त होते. सरकारी योजनांची बिलं थकण्याचा अनुभव छोट्या रुग्णालयांच्या गाठीशी असतो.

पण आंदोलनाची मागणी हळूहळू 'कायदा सुधारा' वरून 'कायदाच मागे घ्या' इथवर गेली. समझोत्यात ५० पेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालयं आणि सरकारकडून सवलतीत जमीन वा इमारत न घेतलेली खासगी रुग्णालयं कायद्यातून वगळायचं ठरलं. राज्यपालांनी त्याच महिन्यात विधेयकावर सही केली. मात्र कायदा प्रत्यक्ष राबवण्यासाठी लागणारे नियम वर्षअखेरीस सरकार बदललं तोपर्यंतही लागू झाले नव्हते.

म्हणजे कायदा तर झाला, पण रात्री दोन वाजता अपघातातल्या माणसाला जवळच्या छोट्या रुग्णालयात नेलं तर तो तिथे लागू होईलच, असं नाही.

संप नेहमीच स्वार्थासाठी असतो, असंही नाही. महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांवर वारंवार हल्ले झाले, त्यांनी आंदोलनं केली. २०१० मध्ये राज्याने डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हिंसाचाराविरोधात कायदा केला. सुरक्षित वॉर्ड डॉक्टरांइतकाच रुग्णाच्याही फायद्याचा असतो.

मग कोणत्या डॉक्टरांचं ऐकायचं?

'डॉक्टरांचा विरोध' किंवा 'डॉक्टरांचा पाठिंबा' अशी बातमी वाचली की आपण सगळ्या डॉक्टरांना एकाच गटात टाकतो. प्रत्यक्षात जिल्हा रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी, स्वतःचं १५ खाटांचं नर्सिंग होम चालवणारी स्त्रीरोगतज्ज्ञ, कॉर्पोरेट रुग्णालयाचा संचालक आणि विद्यावेतनावर काम करणारा निवासी डॉक्टर, या सगळ्यांचे हितसंबंध वेगळे असतात. संघटनेत मात्र ज्याच्याकडे वेळ आणि पैसा आहे, त्याचा आवाज मोठा होतो.

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी वाचताना हे चार प्रश्न विचारून पाहा :

- पुरावा काय आहे? गडचिरोलीत तुलनेची गावं होती, मुंबईत मोजदाद होती. नुसता 'आमचा अनुभव' पुरेसा नाही.
- बदलाचा खर्च कोणावर पडणार? रुग्णावर, सरकारवर की डॉक्टरवर? विरोधाचं खरं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.
- टेबलावर आणखी कोण होतं? राजस्थानचा अंतिम समझोता सरकार आणि डॉक्टर संघटनांमध्ये झाला. ज्यांच्यासाठी कायदा होता, ते रुग्ण त्यावर सही करणारे नव्हते.
- मागणी दुरुस्तीची आहे की रद्द करण्याची? 'भरपाई ३० दिवसांत द्या' आणि 'आम्हाला कायद्यातून वगळा' या मागण्यांत मोठा फरक आहे.

महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्यात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते. स्वतंत्र राज्य कायद्याचा मसुदा तयार करण्यासाठी २०१४ मध्ये समिती बसली. त्यात डॉक्टर संघटनांबरोबर जन आरोग्य अभियानासारख्या रुग्णहक्कांवर काम करणाऱ्या गटांनाही जागा होती. तो मसुदा कायदा झाला नाही. पण २०२१ मध्ये जुन्या कायद्याच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं रुग्णालयांना बंधनकारक झालं.

पुढच्या वेळी एखाद्या खासगी रुग्णालयात गेलात तर स्वागतकक्षाजवळच्या भिंतीवर ते दरपत्रक आहे का, ते बघा. नसेल तर विचारा. नियम लिहिताना डॉक्टर खोलीत असतातच. तो पाळला जातोय का, हे विचारायला रुग्णानेही तिथे असावं लागतं.